भोकातून सोडलेला गॅस

लॉफग्रेन पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातो. अख्ख्या विनिपेग शहरात त्याच्यासारखा चपळ सर्जन नाही म्हणे. दुर्बिणीने आतड्याचा कॅन्सर काढायचा तर पोटात गॅस भरून जागा करावी लागते. हा बाबा नीट दिसावं म्हणून दाब चढवतच राहतो. भूल मी देते, पेशंटचा श्वास माझ्या हातात. मी करवादले की दाब खाली, माझी पाठ फिरली की पुन्हा वर.

आणि शेवटी तर किळसच. आधी पोटात खुपसलेल्या नळीच्या तोटीतून गॅस सावकाश सोडायचा, मग नळ्या काढायच्या, हे शिकाऊ डॉक्टरांनाही शिकवतात. नाहीतर गॅसबरोबर कॅन्सरचे कण जखमेत येऊन चिकटायची भीती. याला कुठला धीर! फुगलेल्या पोटातून नळी सर्रकन उपसतो, भोकातून फुस्सकन ओलसर फवारा उडतो आणि हा दात काढतो. वर्ना थीसनच्या ऑपरेशनच्या वेळी मी तोंडावर बोलले. म्हणाला, "तू झोपवायचं बघ, बाई."

वर्ना शाळेची बस चालवायची. पुढच्या हिवाळ्यात बेंबीशेजारच्या त्याच भोकाच्या व्रणाखाली तिला गाठ आली. टाक्याची असेल, असं लॉफग्रेन म्हणाला. तपासली तर कॅन्सर. त्याला भेटायला जाताना तिने मला सोबत नेलं. भूल देताना मी तिचा हात धरला होता, तेवढीच ओळख. वाटभर एकच विचारत होती, पहिल्या वेळी कुणाचं काही चुकलं का. त्याच्यासाठी घरचा प्लमचा केकही आणला होता.

लॉफग्रेनने केक चाखला, मग चेहरा पाडला. कॅन्सरच वाईट जातीचा, आपण सगळं केलं, असं म्हणत डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आणि ती बिचारी त्याचाच हात थोपटायला लागली, वाईट वाटून घेऊ नका म्हणून.

मला राहवलं नाही. "वर्ना, यांनी गॅस भोकातून उडवला. त्यानेच हे झालं असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तसं करायचं नसतं, आणि मी तेव्हाच सांगितलं होतं."

"खरंय का हो हे, डॉक्टर?" तिने विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सिद्ध करून दाखव."

वर्नाने हात काढून घेतला आणि पँटला पुसला. मग पुसतच राहिली.