पिवळा चौकोन

“आमचा डोंगर यात कुठं?” भाऊजींनी संगणकाच्या पडद्याकडं बघत आभाळमास्तरांना विचारलं. सकाळी आपण काय करून बसलो, हे मास्तरांना आत्ता उमगलं.

पूरनियंत्रण कक्षात सगळे त्यांना आभाळमास्तर म्हणत. उपग्रहाकडून पावसाचा नकाशा येई, लहान लहान चौकोनांचा. पिवळा म्हणजे रिमझिम, लाल म्हणजे जोराचा, जांभळा म्हणजे घर सोडून पळा. पण घाईघाईनं आलेल्या नकाशात चुका असायच्या. मग काही महिन्यांनी जमिनीवरच्या मोजमापांशी ताडून सुधारलेला नकाशा येई, आणि तो चढवला की जुना कायमचा पुसला जाई. “बैल गेला अन् झोपा केला!” शेजारच्या टेबलावरचा सहकारी दर वेळी म्हणायचा, आणि मास्तरही हसायचे. पूर येईपर्यंत ते हसण्यासारखंच होतं.

पुराच्या दिवशी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला होता.

“दादा, नदी फुगलीय रे. हे कामावर आहेत. मी निघू का?”

मास्तरांनी तिच्या गावावरच्या डोंगराचा चौकोन बघितला. पिवळा.

“काही होत नाही गं. चिखलातून कुठं तडमडतेस? थांब घरीच.”

संध्याकाळी घर वाहून गेलं. ती घरातच होती.

तेव्हापासून भाऊजी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज आपणहून आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “भांडायला नाही आलो. तिला थांब म्हणालात तेव्हा तुमच्यासमोर काय होतं, एवढंच बघायचंय.”

ह्याच प्रश्नाची मास्तर इतके दिवस वाट बघत होते. तो पिवळा चौकोन त्यांचा एकुलता एक साक्षीदार होता. आणि आज सकाळीच सुधारित नकाशे आले होते. एका हातात चहाचा कप धरून, कुठल्या महिन्याचे आहेत हेही न बघता, त्यांनी ते सवयीनं चढवून टाकले होते.

त्यांनी ती तारीख उघडली. डोंगरावर बोट ठेवलं. बोटाखाली गडद जांभळं होतं.

“हा रंग म्हणजे?”

“सगळ्यात जास्त पाऊस.”

भाऊजी पडद्याजवळ वाकले.

“त्या दिवशी असं नव्हतं, भाऊजी. पिवळं होतं. शप्पथ! तिथले ढग बुटके होते, उपग्रहाला वरून नुसते माथे दिसतात, ढग बुटका की पाऊस थोडा असं तो धरतो. हे आज सकाळी दुरुस्त होऊन आलंय.”

“म्हणजे पाऊस आज पडला?”

मास्तर बोलत होते ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि त्यांच्याच कानांना ते चोराच्या सबबीसारखं ऐकू येत होतं.

“तिनं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं,” भाऊजी म्हणाले. “शेजारीण सांगत होती. ती म्हणाली, चल, एकत्रच निघू. तर हिनं गाठोडं सोडलं, कपडे परत जागेवर ठेवले. म्हणाली, आमच्या दादाला वरून सगळं दिसतं.”

त्यापुढं मास्तरांनी पिवळ्याचं नाव काढलं नाही. चष्मा काढून हातात धरला आणि ते रडले. सहकारी मान खाली घालून कागद चाळत बसला.

भाऊजी उठले. कोपऱ्यात ठेवलेली आपली छत्री घेतली. काहीतरी बोलायला हवं म्हणून, की सवयीनंच, मास्तरांनी पडद्यावर आजचा नकाशा लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “वाटेत पाऊस नाही लागणार, भाऊजी. सगळीकडं कोरडं आहे.”

भाऊजींनी मान हलवली.

बाहेर निरभ्र आभाळ आणि कलतं ऊन होतं. मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. भाऊजी पायऱ्या उतरले, रस्त्यावर थांबले, त्यांनी छत्री उघडली आणि ती डोक्यावर धरून ते चालू लागले.