दुसऱ्याच्या नावावर गेलेली आई

मी एक जुनी खुर्ची आहे. पाठ टेकली की कुरकुरते, हा माझा स्वभावच आहे मित्रांनो, हसू नका. सुताराने मला एका वर्तमानपत्राच्या कचेरीसाठी घडवलं. तिथे माझ्यावर बसून एक मुलगी दुसऱ्यांच्या बातम्या नीटनेटक्या करायची. पुढे कचेरीला कुलूप लागलं. सामान भंगारात निघालं, तेव्हा तिने मला हातगाडीवर घालून घरी आणलं. "चल, आपण दोघी आता बिनपगारी," ती म्हणाली.

मग ती घरी बसून मिळेल ते लिहू लागली. औषधांची माहितीपत्रकं, पुढाऱ्यांची भाषणं, शाळांचे अहवाल. तिची आई छापून आलेला प्रत्येक कागद भिंगाखाली धरायची.

"यात तुझं नाव कुठंय गं?"

"आई, या कामात नाव नसतं."

"एकदा तरी तुझ्या नावाचं वाचायचंय बाई मला."

"तुझ्यावरच लिहीन. हातातलं एवढं संपू दे."

हातातलं काही संपेना.

एकदा एक कारखानदार आले. त्यांना आपल्या दिवंगत आईवर पुस्तक काढायचं होतं, स्वतःच्या नावाने. पण "फार प्रेमळ होती हो," याच्यापुढे त्यांची गाडी जाईना. मुदत तर डोक्यावर आलेली. मग हिने काय करावं? आपल्याच आईचं लिहायला घेतलं. भांडी घासताना भांड्यांशी भांडणारी आई. कुणी निघालं की गल्लीच्या वळणापर्यंत बघत उभी राहणारी आई. तापात उशाशी बसून भलत्याच चालीत गाणारी आई. इतकं मनापासून लिहिताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पुस्तक घरी आलं. आई माझ्यावर बसूनच ते वाचू लागली. "अगं, ही बाई थेट माझ्यासारखी! भांड्यांशी भांडते बघ." मग पुस्तक मिटून हळूच म्हणाली, "नशीबवान हो ती बाई. मुलाने मनावर घेतलं."

मुलगी दारातच उभी होती. कुणाला सांगणार नाही, असा तिने कारखानदारांना शब्द दिला होता. मला इतका राग आला! बोल की गं, म्हणून मी जोरात कुरकुरले. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

हिवाळा सरायच्या आत आई गेली.

त्यानंतर एका दुपारी मुलगी माझ्यावर येऊन बसली. वर 'माझी आई' लिहिलं, खाली स्वतःचं नाव. भांड्यांचं लिहिलं आणि खोडलं. वळणाचं लिहिलं, तेही खोडलं. "लोक म्हणतील, साहेबांचं चोरलं," ती पुटपुटली आणि ढसाढसा रडली. ते पान तसंच राहिलं.

आता मी गच्चीच्या जिन्यात पडून आहे. माझा एक पाय हलतो. जमलं तर खिळा मारा, नाही तर राहू द्या. पण मित्रांनो, आपल्या माणसाबद्दल जे वाटतं ते आधी त्याच्या कानावर घाला, जगाला मागाहून सांगा. ती माउली भिंग घेऊन वाट बघत बसली होती हो.