दुहेरी काच

थोरलीनं डब्याची पिशवी बाकाखाली सरकवली आणि काचेच्या खोलीकडे मान वळवली. आत रोजगार कार्यालयातून आलेला साहेब कापड तपासणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलत होता.

"आता विचारणार, कॉम्प्युटर येतो का," शेजारी बसलेला पैलवान म्हणाला. तो मागांचं तेलपाणी बघायचा. अंगावर मूठभर मांस नव्हतं म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत.

साहेबाचे ओठ हलले. कॉम्प्युटर येतो का?

"घ्या!" पैलवाननं मांडीवर थाप मारली. "तीस वर्षं तो कापडातली भोकं शोधतोय. त्याला कॉम्प्युटर!"

पलीकडे बसलेली तिची धाकटी जाऊ तोंडाला पदर लावून हसली. थोरलीलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

काचेआडचं बोलणं बाकावरून कळण्यात या लोकांना काहीच नवल नव्हतं. मागखात्यात शंभर माग एकदम धडधडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही उपयोग नसायचा. म्हणून इथे कोणी ओरडतच नसे. आवाज न काढता ओठ ठळक हलवायचे आणि समोरच्यानं बघून घ्यायचं. दहा माग पलीकडून भाजी काय केली हे कळायचं, सासू काय म्हणाली हे कळायचं, आणि मॅनेजर पाठीशी उभा असताना त्याच्याबद्दल जे काही म्हणायचं ते मनसोक्त म्हणता यायचं. मॅनेजर लोकांना ही विद्या कधी आली नाही. त्यांनी स्वतःसाठी काचेची खोली बांधून घेतली होती, दुहेरी काचेची, म्हणजे खात्यातला गोंगाट आत यायला नको. कामगाराला बोलावलं की त्याची खुर्ची काचेकडे पाठ करून असायची. बाहेरच्यांना आपल्या माणसाची पाठ दिसायची आणि बोलणी ऐकवणाऱ्याचं तोंड अगदी समोर.

माग बंद पडून तीन आठवडे झाले होते. निम्मे उचलून नेले होते आणि जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग उरले होते. इतक्या शांततेत किती आवाजात बोलायचं हे अजून कुणाला जमत नव्हतं. कुणी उगाच गरजायचं, कुणी नुसतेच ओठ हलवायचं.

कारखाना बंद होणार म्हणून सरकारी योजना आली होती. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखात्यात प्रशिक्षण आणि त्यानंतर कायमची नोकरी. मुलाखत सगळ्यांची, जागा बारा. एका घरातून एकच माणूस घेणार. आज संध्याकाळी यादी वर जाणार आणि त्यानंतर कुणी काही म्हणायचं नाही, असं फाटकावरच्या कागदात लिहिलं होतं.

सकाळी स्वयंपाकघरात थोरलीनं आपणहून विषय मिटवला होता.

"तू घे जागा. तुझी पोरगी अजून शाळेत आहे. मी आता किती दिवस राबणार?"

धाकटीचे डोळे भरले होते. दीर गेल्यावर थोरलीनंच तिला या खात्यात चिकटवली होती. तिच्यासमोर उभं राहून, हनुवटी धरून शिकवलं होतं: ओठ मोठे कर, घाई करू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघींचे डबे एकाच पिशवीत यायचे.

थोरली मोठ्या मनानं बोलून गेली खरी, पण दिवसभर तिला ते डाचत होतं. तिला घरी बसलेला माणूस कसा असतो ते माहीत होतं. नवऱ्याचं काम सुटून चार वर्षं झाली होती. तो खिडकीशी बसायचा आणि साधा चहा हवा असला तरी मागण्याआधी घसा खाकरायचा. वाईट तो खाकरण्याचा आवाज नव्हता. वाईट होता तो तिचा स्वतःचा आवाज, "थांबा जरा" म्हणणारा. आता त्या घरात तिनं कुणाकडे बघून घसा खाकरायचा?

म्हातारा बाहेर आला. धाकटीचं नाव पुकारलं गेलं. तेवढ्यात माग उचलणाऱ्यांनी पैलवानला हाक मारली, एक बोल्ट काही केल्या निघेना. बाकावर थोरली एकटी राहिली.

काचेतून धाकटीची पाठ दिसत होती, ताठ, शाळेतल्या मुलीसारखी. साहेब काहीतरी विचारायचा आणि थांबायचा. मग तो पुढे वाकला. काय? जरा मोठ्यानं बोला. पुन्हा थांबला. पुन्हा वाकला.

थोरलीच्या लगेच लक्षात आलं. त्या खोलीत धाकटी अकरा वर्षांत दोनदाच गेली होती आणि दोन्ही वेळा बोलणी खाऊन आली होती. घाबरली की तिचा आवाज पार तळाला जायचा आणि नुसते ओठ चालायचे. खात्यात त्याचं काही अडत नव्हतं. आता ती तिथे बसून सगळी उत्तरं नीट देत असणार, नाव, वय, शिक्षण, अगदी शिस्तीत, मोठ्यानं म्हटलं की ओठ आणखी मोठे करत, आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नाहीये हे तिचं तिलाच कळत नसणार.

धाकटी उठली. तिच्या मागे दार लागताच साहेबानं शेजारच्या टायपिस्ट बाईकडे तोंड वळवलं.

बिचारी मुकी दिसते. कपडेखात्यात वॉर्डांचे फोन घ्यावे लागतात, तिथे कसं चालणार? एकच जागा उरलीय. त्यांच्या घरातली दुसरी कोण आहे ते बघू.

"काय म्हणाला?" घाम पुसत धाकटीनं विचारलं. बाहेर आल्याबरोबर तिला आवाज आला होता, चांगला खणखणीत.

"तू काय सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. भला माणूस आहे हो, ताई. किती हळू बोलतो."

परत जा आणि तोंड उघडून बोल, एवढंच म्हणायचं होतं. थोरलीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण टायपिस्ट बाईनं दारातून तिचं नाव घेतलं आणि तिनं स्वतःला समजावलं, आत जाऊन मीच सांगते की.

खोलीत पंख्याचा गारवा होता. साहेब तरुण होता आणि दमलेला होता. सकाळपासून त्यानं पन्नास माणसांना तेच ते प्रश्न विचारले असतील. थोरलीनं नाव सांगितलं, वय सांगितलं, बावन्न. एकतीस वर्षं माग चालवले. चादरी, पडदे, हॉस्पिटलचंसुद्धा कापड.

"वा," साहेबाचा चेहरा जरा उजळला. "छान बोलता तुम्ही. स्पष्ट. वय थोडं जास्त आहे, पण मी लिहितो तसं, अनुभवी म्हणून." त्यानं कागद पुढे ओढला. "मघाशी आल्या होत्या त्या तुमच्या जाऊबाई ना?"

"हो."

"त्यांना बोलता येत नाही ना?"

थोरलीनं टेबलावर नजर लावली. टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं, त्यांच्याच खात्यातलं. कडेला ताण्याचा एक उभा धागा सुटलेला होता. कुणाच्या मागावरचं असेल ते, असं तिच्या मनात आलं. दुसरंही बरंच आलं. ती पोरगी, तिची वह्यापुस्तकं, सकाळचं स्वयंपाकघर. आणि खिडकी. खिडकीशी आणखी एक खुर्ची.

तिनं मान खाली घातली. मग ती तशीच थोडी हलवली.

"अरेरे. जन्मापासून का?"

"हो," थोरली म्हणाली.

साहेबानं लिहिलं. टायपिस्ट बाईनं च् च् केलं. थोरलीला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पेन चालत राहिलं आणि तिला, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं.

ती उठून वळली तेव्हा समोर काच होती, आणि काचेपलीकडे बाकावर पैलवान येऊन बसला होता, तेलाचा डबा मांडीवर घेऊन. त्याच्याशेजारी धाकटी. दोघंही इकडेच बघत होते. सकाळपासून बघत होते तसेच.

थोरली जागच्या जागी थिजली. सबंध दिवस त्या बाकावर बसून तिनं साहेबाचा शब्द न् शब्द वाचला होता, आणि आपली पाठ काचेकडे आली तेव्हा हे ती साफ विसरून गेली होती.

"चला, झालं एकदाचं," साहेब फाइल काखेत मारून म्हणाला आणि त्यानं तिच्यासाठी दार धरलं.

धाकटी उभी राहिली होती. साहेब तिच्यासमोर थांबला, हातवारे करत, एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाला, "बाई. वाईट. वाटून. घेऊ नका. तुमच्या घरातल्या एकीचं काम झालंय."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होता. फाइल अजून त्याच्या काखेत होती, पेन खिशाला होतं. थोरली त्या शब्दाची वाट बघत होती. देवाशपथ, त्या क्षणी तिला तो हवाच होता.

धाकटीनं तोंड उघडलं. ओठ मोठे केले, घाई केली नाही, थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं.

मला सगळं दिसलं, ताई. घ्या तुम्ही.

आवाज नव्हता.

"काय म्हणतायत त्या?" साहेबानं थोरलीला विचारलं.

पैलवान डब्याचं झाकण लावत होता. ते लागलेलंच होतं. थोरलीनं घसा खाकरला.

"आभार मानतेय," ती म्हणाली. आवाज फार मोठा लागला, शंभर माग चालू असल्यासारखा. माग उचलणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"असू दे, असू दे," साहेब ओशाळून म्हणाला आणि धाकटीला हात जोडून निघून गेला.

धाकटीनं बाकाखालची पिशवी ओढली. त्यातला आपला डबा तेवढा बाहेर काढला आणि पिशवी थोरलीच्या हातात दिली.