श्याओमानचं जावळ

काचेच्या कपाटासमोर उभी राहून सूछिनने ती पाटी वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर लिहिलं होतं, ‘जावळाचा कुंचला. बाळ शन श्याओमान. आजी पान आमेई यांच्याकडून प्रदर्शनासाठी.’ आजीचं नाव होतं. आईचं नाव कुठे होतं? नऊ महिने काय आजीने वाहिलं होतं पोर?

कुंचल्यांचं हे संग्रहालय कालव्याच्या काठी नवीनच झालं होतं. गावात घरोघरी लिहायचे कुंचलेच बनायचे, बाळाच्या जावळाचाही एक बांधून आठवण म्हणून जपायचे, आणि सूछिननेही पहिल्या लग्नाने इथे आल्यावर पाण्याच्या तसराळ्यापाशी बसून वर्षानुवर्षं बकऱ्याचे केस निवडले होते. त्यामुळे तिथल्या शिंगाच्या फण्या आणि बांबूचे दांडे बघायला ती वूशी शहराहून बस पकडून आली नव्हती. ती आपल्या मुलाचे केस घ्यायला आली होती. पोर सहाव्या वर्षी मेंदूज्वराने गेलं. राख शन घराण्याच्या थडग्यात गेली, कपडे जाळले. त्याच्या अंगाचं असं या जगात एवढंच उरलं होतं, आणि ते इथे काचेमागे, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून!

दालनाच्या कोपऱ्यात म्हातारी आमेई, सूछिनची आधीची सासू, तसराळ्यात हात घालून बसलेली होती. शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना आणि त्यांच्या मास्तरणींना ती केस कसे विंचरायचे ते दाखवत होती. सूछिन तरातरा जाऊन समोर उभी राहिली.

आमेईने मान वर केली. जेमतेम. “आलीस? मला वाटलं, नवीन नवऱ्याने घराचा रस्ता विसरायला लावला असेल.”

“माझ्या नवऱ्याचं सोडा. माझ्या मुलाचं जावळ द्या.”

“तुझा मुलगा!” आमेई हसली, पण ते हसणं कसलं, दात दाखवणं. “ऐकलंत का बायांनो? पोर तापाने फणफणत होतं तेव्हा ही गिरणीत रात्रपाळी करत होती. आता आलीय मुलगा मागायला.”

“आणि तुम्ही काय करत होतात? काढे पाजत होतात! सकाळ होईपर्यंत डॉक्टरकडे नेलं नाहीत! दोनदा फोन केला मी. दोनदा म्हणालात, झोपलाय.”

“झोपलाच होता!”

“झोपला नव्हता, बेशुद्ध होता!”

मास्तरणींपैकी एकीने मोबाइल वर केला होता, तिने तो हळूच खाली घेतला. आमेईच्या हातातली फणी पाण्यात पडली. तिने ती शोधली नाही.

आरडाओरडा ऐकून फेइ साहेब धावत आले. संग्रहालयाचे व्यवस्थापक. माणूस तसा बरा, पण भांडण दिसलं की घाईघाईने चहा पुढे करणारा. “अहो ताई, पाहुणे आहेत, जरा हळू. आपण आत बसू, भाजलेल्या सोयाबीनच्या दाण्यांचा चहा घेऊ...”

“चहा प्यायला आले नाही मी. ते कपाट उघडा.”

“तसं कसं उघडणार? ज्यांनी वस्तू दिली त्यांनी सांगितल्याशिवाय...”

“देऊन टाका तिला,” आमेई म्हणाली.

फेइ साहेब बघतच राहिले. सूछिनही. बसमध्ये अख्खा रस्ताभर तिने भांडणाची तयारी केली होती. म्हातारी काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, सगळं घोकून ठेवलं होतं. आणि ही बया इतक्या सहज सोडते? जिने सुनेला घराबाहेर पडताना पोराचा एक मोजा नेऊ दिला नव्हता ती?

“द्या म्हणते ना,” आमेई पुन्हा खेकसली. “घेऊन जाऊ दे आणि तोंड काळं करू दे.”

फेइ साहेबांनी किल्ली लावली. सूछिनने कुंचला दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले, आणि म्हातारीसमोर रडायचं नाही म्हणून तिने ओठ चावला. मग, या गावातल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच तिने केलं. कुंचल्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि अंगठ्याच्या नखावर दाबलं.

टोक टुणकन उसळून सरळ झालं.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जावळाला असा जोर कुठला? जावळ म्हणजे मऊ, दाबलं की दबलेलंच राहतं. महिना भरला तेव्हा न्हाव्याने काढलेलं ते जावळ तिने स्वतः तसराळ्यात धुतलं होतं, शेजारी हीच सासू बसली होती, आणि सासऱ्यांनी ते बांधलं होतं. मानेवरच्या केसांना तांबूस झाक होती. हे तर काळेभोर होते.

“हा ससा आहे,” सूछिन म्हणाली. “रानसशाच्या पाठीचे केस आहेत हे.”

“काहीतरीच काय!” फेइ साहेब आमेईकडे वळले. “आमेई मावशी?”

आमेईचे कान लालबुंद झाले.

“माझं पोर कुठंय?” सूछिन ओरडली. “विकलंत? फेकलंत? माझ्यावरचा राग त्याच्या केसांवर काढलात?”

“तोंड सांभाळ!” आमेई ताडकन उठली, तसराळं हिंदकळलं आणि पाणी सगळ्यांच्या पायांवर आलं. “माझा नातू काय दुकानातली वस्तू आहे काचेत मांडायला? हे साहेब मागे लागले, नोकरी यांनीच दिलेली, नाही कसं म्हणू? म्हणून ससा दिला.” तिने ओले हात अंगरख्याला पुसले आणि आतल्या खिशातून रुमालाची गुंडाळी काढली. “हे घे. बघ आणि गिळ मला.”

रुमालात बांबूचा दांडा होता. त्यावर कोरलेलं नाव सूछिनने लगेच ओळखलं. पण टोकाला कुंचला म्हणावा असं काहीच नव्हतं. डिंकात अडकलेलं थोटूक, आणि त्यातून बाहेर आलेले चारदोन तांबूस केस.

“हे... हे कशाने झालं?”

“लिहून.”

“लिहून?” सूछिनचा आवाज चिरकला. “जावळाच्या कुंचल्याने लिहितात? जन्म गेला तुमचा या धंद्यात! तो जपून ठेवायचा असतो हे शेंबड्या पोराला कळतं!”

“शाई नाही लावली,” आमेई म्हणाली. आता तिचा आवाज पडला होता. “नुसतं पाणी. रोज सकाळी कालव्याच्या घाटावर, फरशीवर. मला कुठे लिहिता येतं? त्याच्या दप्तरावर नाव होतं, ते बघून बघून गिरवायला शिकले. लिहायचं, वाळायचं, पुन्हा लिहायचं. केस झडताना दिसत होते गं. रोज ठरवायचे, आज शेवटचं.”

फेइ साहेब जमिनीकडे बघत होते. मास्तरणींनी मुलांना कधीच पुढच्या दालनात नेलं होतं.

सूछिनला कीव आली का? आली असती, तर तिलाच बरं वाटलं असतं. पण तिला दिसत होते ते केस, एकेक करून कालव्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलेले. तिच्या वाट्याचेसुद्धा. या बाईने आधी पोराला सकाळपर्यंत झोपू दिलं, आणि मग जे उरलं तेही घासून संपवलं. आणि वर प्रेमाने!

तिने थोटूक रुमालासकट उचललं. आमेईचा हात आपोआप पुढे आला, पण तिनेच तो मागे घेतला.

“ने,” ती म्हणाली. “आई आहेस तू. ने.” मग राहवलं नाही तिला. “पण उद्या सकाळी मी काय करू, सूछिन?”

सून म्हणून घरात आल्यापासून आज पहिल्यांदा तिने सूछिनला नावाने हाक मारली होती.

“मला काय विचारता?” सूछिन म्हणाली. “तो गेल्यापासून रोज सकाळी, हातात त्याचा एक केसही नसताना, मी काय करत होते, ते विचारलंत कधी?”

सूछिनने सशाचा कुंचला फेइ साहेबांच्या हातात दिला, रुमाल पोलक्यात खोचला आणि सांडलेल्या पाण्यातून चालत ती बाहेर पडली.