डावीकडे ठेवलेलं यंत्र

आमच्या भंगाराच्या दुकानात एकच कायदा चालतो. फाटकाच्या डावीकडे ठेवलेलं तोडायचं, उजवीकडचं आख्खं विकायचं. कायदा आत्याचा. दुकान तिचं, पक्कड तिची, आणि आवाज असा की गल्लीतली मांजरंसुद्धा वाट सोडतात. मी तिची लाडकी भाची, आणि वर्गात ‘भंगारवाली’. आधी मी चिडायचे. आता कुणी तशी हाक मारली की म्हणते, “बोला, काय विकायचंय?” समोरचाच लाल होतो.

तर त्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्यातून एकालाच दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार होते, आणि ती मीच, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. माझं यंत्र होतंच तसं. कचरा आपोआप वेगळा करणारं! सरकत्या पट्ट्यावर कचरा ओतायचा, कूलरचा पंखा कागद उडवून खोक्यात घालणार, स्पीकरचं चुंबक लोखंड ओढून घेणार, उरलेलं डब्यात पडणार. सगळं आमच्याच ढिगातून शोधून जमवलेलं. सकाळी ते अंगणात फाटकापाशी आणून ठेवलं आणि मी आंघोळीला पळाले.

केस विंचरत बाहेर येते तर आत्या घाम पुसत उभी. समोर नीटनेटके ढीग. तांबं. पत्रा. प्लास्टिक. स्क्रू तर वाटीत.

“बघ, चहा निवायच्या आत उरकलं! कुठल्या बावळटानं जोडलं होतं देव जाणे. वायरींना काही ताळतंत्रच नाही.”

“आत्याऽऽ! तो बावळट मी! ते माझं यंत्र होतं!”

पक्कड हवेतच थांबली. “अगं बाई! मग डावीकडे का ठेवलंस?”

“उजवीकडे फ्रिज होता!”

“मग फ्रिज हलवायचा! मला काय स्वप्न पडलं होतं?” मग एकदम तिचा आवाज खाली आला. “बाळा, आता गं?”

“आता पोतं दे.”

रडू येत होतं, नाही असं नाही. पण कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रालाच आत्यानं इतकं सुरेख वेगळं केलं होतं की हसूही आवरेना. ढीग पोत्यात भरले, पोतं खांद्यावर मारलं आणि निघाले.

शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर पहिल्या नंबरवाली, डॉक्टरांची मुलगी. तिचं ‘स्वच्छ शहर’ थर्माकोलचं होतं. पांढऱ्याशुभ्र इमारती, मधून चमकीची नदी.

“हे काय गं? पोतं?”

“यंत्र आहे. जरा विस्कटलंय.”

परीक्षक येईपर्यंत पंखा आणि चुंबक कसंबसं बसलं. पट्टा राहिलाच. परीक्षक दोघं, दुसऱ्या शाळेतल्या एक बाई आणि एक भरघोस मिशांचे सर.

“यंत्र कुठाय?” सरांनी विचारलं.

“अर्धं इथं, अर्धं पोत्यात. पट्ट्याच्या जागी आज मी आहे.”

आणि मी सरळ हॉलमधलाच कचऱ्याचा डबा उचलून टेबलावर पालथा केला. पंखा लावला. कागद उडाले, अगदी खोक्यात! टाचण्या टणाटण चुंबकाला चिकटल्या! मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात थर्माकोलचे दाणे उडाले. बाईंच्या केसांत, शेजारच्या नदीत, सरांच्या मिशांत. हॉल खदाखदा हसायला लागला. मी पंखा बंद केला.

“एवढं थर्माकोल आलं कुठून?” बाईंनी केस झटकत विचारलं.

“आजच्या प्रदर्शनाचंच आहे. ‘स्वच्छ शहर’ बांधताना उरलेलं.”

शेजारीण गोरीमोरी झाली.

“ते शेवटी तुझ्या डब्यातच जाणार,” बाई मला म्हणाल्या. “आणि डबा भरला की?”

याचा मी विचारच केला नव्हता. डबा भरला की यंत्र संपलं, एवढंच माझ्या डोक्यात. काहीतरी ठोकून देता आलं असतं, मला बोलायला कोण हरवतंय! पण सगळ्यांदेखत टेबलावर ढीग पडला होता.

“माहीत नाही, बाई. आमच्या दुकानातही ते घेत नाहीत. आत्या फाटकातूनच परत पाठवते. माझं यंत्र एवढंच दाखवतं, की कुणालाच नको असलेलं किती उरतं. डबा झाकला की तेही दिसत नाही.”

दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. तोवर मी चुंबकाच्या टाचण्या सोडवत राहिले. मग बाई परत आल्या.

“तू जाणार. पण यंत्र पूर्ण जोडून न्यायचं.”

“जोडते की! पट्टासुद्धा. फक्त कचरा मात्र तिथलाच घेणार, त्यांच्याच प्रदर्शनाचा.”

“आणि असाच सगळ्यांसमोर ओतणार?”

“असाच!”

सर अजून मिशा झटकत होते. “मग जाताना,” ते म्हणाले, “एक झाडूही घेऊन जा.”