आलोच

तिने बॅग पुन्हा एकदा पलंगावर पालथी केली. कपडे, टॉवेल, चष्म्याचं घर, नवऱ्याचा दाढीचा डबा. डब्यात साबण होता, ब्रश होता; वस्तरा नव्हता. औषधांच्या पिशवीतली झोपेच्या गोळ्यांची बाटलीही गेली होती.

खोलीची दुसरी किल्ली घरमालकिणीकडे असायची.

"जातो गं," खालून नवऱ्याचा आवाज आला आणि दार लागलं.

ती खिडकीशी गेली. गाव कड्याच्या अगदी काठावर बसलेलं. शेवटच्या घरामागे नुसतं आभाळ, आणि त्याखाली कुठेतरी खोल समुद्र. नवरा कड्याच्या वाटेला लागला. थोडं अंतर ठेवून मालकीणबाईही निघाल्या, डोक्याला रुमाल गुंडाळून. कालही तसंच. दुकानं तर सगळी उलट्या दिशेला होती.

तो गोदीत क्रेन चालवायचा. वसंताच्या सुरुवातीला एका ओझ्याचा दोर तुटला आणि खाली उभा असलेला मदतनीस गेला. चौकशीत त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं नाही. पण त्याची झोप उडाली, घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, चार दिवस हवापालट करा. इथे आल्यापासून मात्र तो शांत झोपत होता, ताट स्वच्छ करत होता. तिला वाटलं, देवाने ऐकलं.

एक ही बाई तेवढी डोळ्यांत खुपत होती. त्याच्या पानात न विचारता वाढायची, समोर खुर्ची ओढून बसायची.

"मुलीचं बाळंतपण कधी म्हणालात?" आज सकाळीही बाईने त्यालाच विचारलं होतं.

"पुढच्या महिन्यात."

"म्हणजे आजोबांना धावपळ."

"तिची आई आहे ना," तो म्हणाला होता आणि पाव मोडायला लागला होता.

नंतर खोलीत तिने त्याला टोकलं. "त्या बाईंचं तुमच्यावर फार बारीक लक्ष आहे हो."

"असू दे की. या वयात कोण बघतंय?"

तो हसला होता. कितीतरी दिवसांनी हसला, म्हणून तिने विषय सोडून दिला होता.

दुपारच्या आत दोघं परतली, आधी तो, मागून मालकीणबाई. तो वर जाऊन आडवा झाला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, जीभ कडवट होऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि आत गेली.

"मावशी, आमच्या खोलीतून दोन वस्तू गेल्यात."

"गेल्या नाहीत. मी काढल्यात." मालकीणबाईंनी पिठाच्या डब्यामागून फडक्याचं एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं.

"आणि हे तोंड वर करून सांगता?"

"बसा, ताई."

"बसायला नाही आले. ह्यांच्या मागे मागे फिरता, सगळं बघतेय मी."

"माझ्याकडे बघताय. त्यांच्याकडे बघा जरा." बाईंनी हात पुसले. "इतकी वर्षं माणसं उतरतात माझ्याकडे. समुद्र बघायला आलेला माणूस लांब बघतो. तुमचे हे खाली बघतात."

"काहीतरीच काय. उलट इथे येऊन शांत झालेत ते. जेवतात, झोपतात."

"तेच मला आवडलं नाही."

बाईंनी आवाज खाली आणला.

"बाहेर पडताना काय म्हणतात, ऐकलंत कधी?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून तो एकच शब्द म्हणत आला होता. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना आणि रात्रपाळीला जातानाही: आलोच. सकाळ होईपर्यंत यायचा नाही, तरी आलोच. त्यावरून तिने त्याची किती थट्टा केली होती. आता इथे रोज खिडकीशी उभं राहून तिने दुसराच शब्द ऐकला होता, जातो, आणि तो तिच्या कानाला खटकला नव्हता.

तिने टेबलाची कड धरली.

जिना वाजला. तो खाली उतरत होता, पायात बूट. मनगटावर घड्याळ नव्हतं. त्या जागी कातडीचा पांढरा पट्टा दिसत होता.

"पुन्हा निघालात?" ती बाहेर आली.

"जरा पाय मोकळे करून..."

"थांबा. चपला घालते."

"तू? त्या चढावर तुझे गुडघे बोलायला लागतील."

"बोलू देत. बसत बसत येईन."

त्याचा हात दाराच्या कडीवर होता. "मग राहू दे आज. उद्या जाईन."

"उद्याही येईन," ती म्हणाली. "परवाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत, टेबलावरच्या फडक्याकडे. कडीवरचा हात हळूहळू खाली आला. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. ती शेजारी टेकली. पायरी अरुंद होती. अंग चोरायला जागाच नव्हती.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "चहा होईपर्यंत तरी."

आत मालकीणबाईंनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, गळ्यापर्यंत पाण्याने भरलं, शेगडीवर ठेवलं, आणि आच अगदी बारीक केली.