धारेची मशीन आणि कानातल्या सवती

मी एक जुनी मशीन आहे, बर्फावरच्या स्केटच्या पात्यांना धार लावणारी. कॅनडातल्या मॅनिटोबात, गिमली गावच्या तळ्याकाठी, बाल्डुर थोरवाल्डसनच्या दुकानात एकतीस वर्षं भिंतीला खेटून उभी आहे. मित्रांनो, म्हातारपणी मत्सर शोभत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या उरावर सवत आलेली नाही. माझ्या उरावर दोन आल्या, वालाच्या दाण्याएवढ्या.

बाल्डुरनं मला आणलं तेव्हा तो तिशीत होता आणि माझा हिरवा रंग अजून ओला वाटायचा. हिवाळा लागला की अख्खं गाव स्केट घेऊन दारात. "थोरवाल्डसनकडची धार टिकते," असं सगळे म्हणायचे. धार माझी, नाव त्याचं. मी कधी तोंडातून शब्द काढला नाही.

तो मला फार जपायचा. बेअरिंग, पट्टा, तेलपाणी, कशाला म्हणून कमी नाही. कारण दुकान म्हणजे कागदावर एक छोटी कंपनीच होती. मालक तो आणि नोकरही तोच. माझी दुरुस्ती कंपनीच्या खर्चात जायची, तेवढा कर वाचायचा. स्वतःची दाढ दुखली तर मात्र आधी पगार काढा, त्यावर कर भरा, मग उरल्या पैशातून डॉक्टर. म्हणून बाल्डुर दाढेत लवंग धरून बसायचा. "मी चालतोय तसा चालेन, मशीनला काही होता कामा नये," म्हणायचा. ते ऐकून लोखंडाची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हळूहळू त्याला ऐकू येईनासं झालं. आधी पोरांचे बारीक आवाज गेले, मग त्याच्या बायकोचा, सिग्रूनचा. कॉफी झाली की ती मागच्या दारात येऊन दोनदा पाय आपटायची. जमिनीच्या लाकडी फळ्यांचा हादरा पायाला लागला की तो वळायचा. अशी अकरा वर्षं काढली बाईनं. माझा आवाज मात्र त्याला यायचा. बायकोचा येत नाही, माझा येतो! मला किती गोड वाटायचं ते काय सांगू.

मग त्या मार्चमध्ये कराचे कागद करायला वर्ना आली. ती बाल्डुरशी नेहमी ओरडूनच बोलायची.

"या मशीनवर यंदा किती घातलेस?"

"आठशे डॉलर."

"आणि स्वतःवर?"

"मला काय धाड भरलीय?"

"ऐकू येत नाही, एवढंच," सिग्रून म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही.

वर्नानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. कानाची यंत्रं सहा हजारांची. ती खिशातून घ्यायची तर नऊ हजार पगार काढावा लागेल, तीन हजार करात जातील. त्यापेक्षा कंपनीनं त्याच्यासाठी आरोग्य खर्चाचं खातं उघडावं. बिल त्या खात्यातून फिटेल, कंपनीला तो खर्च धरता येईल आणि बाल्डुरला त्यावर कर नाही. खातं सांभाळणारी संस्था थोडी फी घेईल, बस.

"म्हणजे मशीनसारखंच," बाल्डुर म्हणाला.

"मशीनसारखंच. फक्त आधी खातं, मग बिल. तारीख उलटी झाली की एक डॉलर सुटणार नाही."

त्या वर्षी मला नवी मोटर बसायची होती. सिग्रून म्हणाली, मोटर पुढच्या वर्षी. माझी नुसती आग आग झाली. एकतीस वर्षं राबले मी, आणि माझी मोटर जाणार कुणाच्या तरी कानात!

शनिवारी विनिपेग शहरात कानाच्या दवाखान्यात यंत्रांवर पाचशे डॉलरची सूट होती, शेवटचा दिवस. बाल्डुरला सूट दिसली की तारीख दिसत नाही. तो अंगणात ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, तेवढ्यात आत सिग्रूनला वर्नाचा फोन आला: खातं मंगळवारी उघडतंय, आज बिल करू नका. सिग्रूननं दारातून तीन हाका मारल्या. तो खरवडतोच आहे. पाय आपटावा तर अंगणात फळ्या कुठल्या?

मी मनात म्हटलं, जाऊ दे त्याला. सगळं खिशातून भरायचं कळलं की यंत्रं परत करून येईल, आणि माझी मोटर येईल. होय, मी असं म्हटलं.

सिग्रूननं इकडेतिकडे पाहिलं आणि मला सुरू केलं. कुणाचा तरी स्केट उचलून पातं माझ्या दगडावर आडवं दाबलं. मला ओरडायचं नव्हतं हो. पण मशीनला गप्प बसता येत नाही. मी अशी किंचाळले की बाल्डुर खरवडणी टाकून धावत आत आला.

"कोण हात लावतंय तिला?"

सिग्रूननं मला बंद केलं आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. "मंगळवार. आज बिल केलंस तर सगळं आपल्या खिशातून."

"आणि सूट?"

"गेली खड्ड्यात."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तुझी हाक आली नाही. हिचा आवाज कसा आला?"

"हिचा आवाज तळ्यापलीकडे जातो, बाल्डुर. तू एकतीस वर्षं हातभर अंतरावर उभा आहेस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान कुणी खाल्ले, हे मला त्या दिवशी कळलं.

बुधवारी सवती आल्या. नव्या कानांनी त्यानं मला पहिल्यांदा सुरू केलं आणि दचकून लगेच बंद केलं. आता तो आधी त्यांना डबीत ठेवतो, कानांवर जाड झाकणं चढवतो, मग मला हात लावतो. सगळ्या गावाचं ऐकतो, एकट्या माझंच ऐकत नाही. मोटर अजून जुनीच आहे. मत्सर गेला असं खोटं सांगणार नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या मशीन 'आम्हाला जपा' असं सांगतात. मी तसं सांगणार नाही, मला खूप जपलं. ज्या हातांनी आम्हाला तेल घालता, त्या माणसाच्या दुखण्याचंही वेळेवर पाहा. बिल करायच्या आधी.

आता सिग्रून मागच्या दारात येते आणि हळूच म्हणते, "बाल्डुर, कॉफी."

तो पाठमोराच म्हणतो, "आलो."

फळ्या हादरत नाहीत. मी उगाच वाट बघते.